विंचवाच्या खुणेचा पूल

आमच्या घराण्यात एक पूल आहे. लोकांच्या घराण्यात जमीन असते, दागिने असतात, गेलाबाजार भावकीतला एखादा खटला तरी असतो. आमच्याकडे पूल. तोही साताऱ्यात नव्हे, तिकडे वऱ्हाडात, अकोला आणि बडनेऱ्याच्या मधे कुठेतरी. इंग्रजांच्या राणीच्या काळात रेल्वे तिकडे सरकत होती, तेव्हा आमचे खापरपणजोबा राणोजी मिस्त्री पाथरवटांची टोळी घेऊन गेले आणि त्यांनी एका नदीवर दगडी पूल बांधला, एवढी मूळ हकिकत. बाकीची आम्ही बांधली. आजोबांच्या तोंडी त्या पुलाला पाच कमानी होत्या, वडिलांच्या तोंडी अकरा झाल्या, आणि मी दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा पुलाचं दुसरं टोक धुक्यात हरवलेलं असतं. "साहेबाचे खांब कोसळले, राणोजींचे उभे राहिले, साहेब टोपी काढून पाया पडला," हे तर आमच्याकडे बारशाच्या बाळालाही ऐकावं लागतं. त्यानंतरच त्याला नाव मिळतं.

राणोजींनी पुलाचे दगड घडवले. आजोबांनी जाती आणि पाटे घडवले. वडिलांनी लोकांच्या पाट्यांना टाकी लावली. मी परप्रांतातून येणारी चकचकीत फरशी विकतो, जिच्यावर पाणी सांडलं की माणूस सांडतो. अशी आमची चढती कमान.

आता थोरली अक्का. माझी बहीण. वय ऐंशीच्या पलीकडे, दरारा त्याच्याही पलीकडे. तिच्या नातवाने साताऱ्याबाहेर प्लॉट घेतला, पाया खणायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच अकोल्याहून माझ्या मेहुण्याचा, प्रल्हादचा, फोन आला की जुना पूल पाडायला घेतला आहे, गाड्या आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात. अक्काने माझ्या हातातला फोन खाली यायच्या आत हुकूम सोडला.

"आपल्या खुणेचा दगड घिऊन ये. राणोजींचा दगड पोराच्या पायात पडल्याबिगर मी नारळ फोडायची न्हाई."

आपली खूण म्हणजे विंचू. त्या काळी प्रत्येक पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरत असे, म्हणजे मुकादम मोजणीला आला की कुठला दगड कोणाचा यावर डोकी फुटायची नाहीत. राणोजींची खूण नांगी वर काढलेला विंचू. आमच्या जुन्या जात्यावर तो अजून आहे आणि घरातल्या सर्वांच्या स्वभावातही आहे.

तर मी निघालो. ज्यांनी वऱ्हाड पाहिलेलं नाही, आणि ज्यांना घरातल्या पंख्याखाली बसून ते पाहून टाकायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

अकोला

गाडीतलं काही सांगत नाही. समोरच्या बाकावर एक घोरणारे गृहस्थ होते आणि त्यांच्या पलीकडे महाराष्ट्र होता. मला गृहस्थच जास्त दिसले.

फाल्गुन लागला होता. आमच्याकडे या दिवसांत पहाटे अजून कानटोपी निघते. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर माझ्या सावलीने पायाखाली घुसून घेतलं, बाहेर यायला तयार होईना. प्रल्हाद न्यायला आला होता. त्याचं बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे अजून न उगवलेल्या गोष्टींवर त्याचा गाढ विश्वास असतो.

"हे तं काहीच नाही, भाऊजी," तो छाती फुगवून म्हणाला. "मे महिन्यात या. स्टेशनच्या पत्र्यावर पापड भाजून देतो तुमाले."

उन्हाचा अभिमान बाळगणारी माणसं मी इथेच पाहिली. आमच्याकडे लोक डोंगराचा अभिमान बाळगतात, किल्ल्याचा बाळगतात. निदान त्या गोष्टी अंगाला चटका देत नाहीत. प्रल्हादच्या घरी कुलर आहे असं म्हणणं चुकीचं होईल. कुलर आहे, आणि त्याच्या मागे घर बांधलेलं आहे. तो सुरू केला की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात जातं आणि कोणालाही कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. संसार सुखाचे होण्याचं हेच कारण असावं.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या एका लाल द्रवात सोडतात, तो हा रस्सा. "आम्ही साताऱ्याची माणसं, तिखटाला भीत नाही," असं मी पहिल्या घासाआधी म्हणालो. पहिल्या घासानंतर काही म्हणालो नाही.

"भाऊजी, रडून कावून राहिले?" प्रल्हादची बायको वाढता वाढता म्हणाली. "ताईची आठवण आली का?"

"हो," मी म्हणालो. बायकोच्या आठवणीने रडणारा माणूस अशी माझी कीर्ती त्या घरात कायमची झाली. तिखटापेक्षा ती परवडली.

मग प्रल्हादने खरा रस्सा वाढला. "भाऊजी, म्या साऱ्या बाजारात सांगून ठेवलं हाय का पूल आमच्या जवायाच्या पंजोबानं बांधला. बियानं न्यायले येनारा एकही मानूस तुमच्या पुलाबिगर वापस जात नाही. कापसाच्या एका पाकिटासंग एक कमान."

मी विचारलं, किती कमानी सांगितल्यास?

"तुमी सांगितल्या तेवढ्याच. वरून दोन माह्या."

नदीकाठी

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक मला बोलावतील, आणि पुढे काय झालं ते वाचल्यावर तुम्हाला कळेलच की एकदा गेलो तेवढं पुरे. मूर्तिजापूरच्या रस्त्याने निघायचं आणि गाडी शेतात घुसली की आपण बरोबर वाटेवर आहोत असं समजायचं.

दोन्हीकडे काळी जमीन. काळी म्हणजे आमच्याकडे तपकिरीला लाडाने म्हणतात तशी नव्हे, तव्याच्या बुडासारखी. उन्हाने तडकून तिला भेगा पडल्या होत्या. एका भेगेत मी डोकावलो तर खाली कोणीतरी तूर सोंगत होतं. प्रल्हाद म्हणाला तसं काही नाही. पण प्रल्हाद गाडी चालवत होता, डोकावलो मी होतो.

आणि मग पूल आला.

लग्न ठरलेल्या मुलाला मुलीचा फोटो दाखवून ऐन मांडवात तिची मावशी समोर आणावी, तसं माझं झालं. तीन कमानी. त्यातली एक पाडून झालेली. माझ्या दुकानात ज्याचं दुसरं टोक धुक्यात होतं त्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला एक गाढव उभं होतं आणि मला त्याच्या पापण्या दिसत होत्या. एक पोकलेन राहिलेल्या खांबाला कोंबडीसारखी चोच मारत होती. पलीकडे शहरातून आलेले दोन वारसाप्रेमी ड्रोन उडवून हळहळत होते. दीडशे वर्षं हा पूल गाड्यांचा धूर खात उभा होता, तेव्हा त्याला कोणी पाणी विचारलं नाही. पडायला लागल्याबरोबर त्याला नातेवाईक फुटले. त्यांतला मी एक, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी खांबाखांबाशी जाऊन खुणा शोधू लागलो. मासा सापडला. त्रिशूळ सापडला. कोणा कंजूष पाथरवटाची नुसती एक रेघ सापडली. विंचू कुठेच नाही. पोकलेनवाला वरून ओरडला, "ओ काका, डोक्यावर दगड घ्याले आले का?" मी म्हणालो, "हो, त्यासाठीच आलोय." त्याला ते खरं वाटलं नाही.

खालच्या अंगाला गेंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या झेंडूचा, मळा होता, पिवळाधमक. आजूबाजूला दहा कोसांत हिरवं पान शोधावं लागत होतं आणि इथे वांगी, मेथी, गेंदा, शेवंती लग्नघरासारखी गजबजली होती. फुलं खुडणाऱ्या एका बाईने कमरेवर हात ठेवून मला निरखलं. साठीच्या पुढची, उंच, आवाज असा की पोकलेन थांबावी. ही रुखमाबाई. मळा तिच्या माहेरासासरचा दोन्हीकडून, कारण नवरा शेजारच्याच वाफ्यातला.

"काय हारपलं जी तुमचं?"

"विंचू," मी म्हणालो. "दगडावर कोरलेला."

"मंग थ्या पुलाले कावून चाटून राहिले? इचूबाबा तं खाली हाय. नदीत."

ती पुढे, मी मागे, प्रल्हाद त्याच्या मागे. मळा संपला तिथे नदी आडवी पडली होती, आणि नदीत आडवा पडला होता मोठमोठ्या घडीव दगडांचा एक बांध. एकावर एक कोलमडलेले, अर्धे गाळात रुतलेले, काळेशार. त्यांच्यामागे हिरवागार डोह, फाल्गुनातही काठोकाठ. पुढच्या अंगाला बायका धुणं आपटत होत्या. आणि वरच्या दगडावर, शेंदराच्या थरांतून नांगी वर काढून, आमचा विंचू! एक नव्हे, पाच-सात दगडांवर. पुढ्यात नारळाच्या शेंड्या, उदबत्तीच्या काड्या, वाळलेला गेंदा. काळ्या रानात विंचू फार. कोणी तरी कधी तरी ही खूण पाहिली आणि हा विंचवांचा मालक असणार असं ठरवून टाकलं. मुकादमाने दगड मोजावेत म्हणून कोरलेल्या खुणेला या लोकांनी देव करून ठेवलं होतं.

माझ्या अंगात आलं. मी दगडावर चढलो आणि धुणं धुणाऱ्या बायकांसमोर भाषण ठोकलं. हा देव नाही, ही माझ्या खापरपणजोबांची खूण आहे, मी थेट राणोजी मिस्त्रींच्या रक्ताचा आहे, वगैरे. प्रल्हादने टाळी वाजवली. पुरावा म्हणून मी फोटो काढायला वाकलो, शेंदरातल्या तेलावरून पाय सटकला आणि मी सहकुटुंब डोहात गेलो. सहकुटुंब म्हणजे मी आणि माझा फोन; बायकोचे सगळे फोटो त्यातच होते. मी वर आलो. फोन अजून तिथेच आहे.

बायका हसून हसून धुणं विसरल्या. रुखमाबाई मात्र हसली नाही. तिने मला काठावर ओढलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली,

"मंग तुमीच का थे? ज्याचा पूल पडला त्याचे?"

"पडला नाही," मी पाणी थुंकत म्हणालो. "त्यांनी बांधला. साहेबाचा पडला."

"साहेब कायले दगड रचते? थो तं खुर्चीवर बसे. आयका." ती काठावर बैठक मारून बसली. "माह्या आजेसासूले तिच्या आजेसासूनं सांगतलं. साहेब म्हने, खडक लागेपर्यंत खना. उन्हाळ्याचे दिस. तुमच्या पंजोबानं खनलं, खनलं, अन् पहार आपटली. खन्नकन वाजली! म्हने लागला खडक, रचा खांब. अवो, उन्हाळ्यात आमची काळी माती लोखंडावानी वाजते! सातारच्या मानसाले काय मालूम? त्याच्या गावाले वीतभर खनलं का दगड. त्याले वाटलं, साऱ्या दुनियेत तसंच असते. आमच्या लोकायनं सांगतलं, मिस्त्री, हे माती हाय, पानी पेली का फुगते. तं थो म्हने, मले दगड शिकवता का?"

इथवर मी मान हलवून नाकारत होतो. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मान थांबली. माझे वडील हेच म्हणायचे. मी दुकानात रोज म्हणतो. हे वाक्य कोणी बाहेरचा माणूस रचूच शकत नाही.

"मंग?" प्रल्हादने विचारलं. त्याचा चेहरा न उगवलेल्या बियाण्यासारखा झाला होता.

"मंग काय! पह्यल्या पुरात खांब बसला. म्हैस बसते नं, पुढचे पाय दुमडून, तसा. हे त्याचेच दगड. मंग साहेबानं दुसरे मिस्त्री आनले, वर तिकडं खोल खनून नवा पूल बांधला. तुमचा पंजोबा रातोरात पयाला म्हंते."

आमच्याकडच्या हकिकतीत राणोजी साहेबाचा हार गळ्यात घालून परतले होते. पळताना हार घालायला वेळ मिळाला असेल तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

मी भांडलो. पूर मोठा असेल, चुना भेसळीचा असेल, साहेबाची मोजणी चुकली असेल. रुखमाबाईने सगळं ऐकून घेतलं, मग एका हाताने गेंद्याचा वाटा निवडत म्हणाली, "पाव्हने, भांडता कावून? थो पडला म्हनून तं हा डोह झाला. डोह झाला म्हनून आमचा मळा झाला. वरचा पूल बांधनाऱ्याचं नाव कोनाले मालूम हाय? कोनालेच नाही. अन् तुमच्या पडक्या बाबाले आमी दर फाल्गुनात रोडगे घालतो."

म्हणजे घराण्यात जो एक पराक्रम होता तो पडण्याचा होता, आणि तेवढाच लोकांच्या उपयोगी पडला होता. वऱ्हाडात माणसाचं असं बोलणं तोंडावर येऊन आपटतं. आमच्याकडे हेच सांगायला चार पाहुणे, दोन पोह्यांच्या बश्या आणि एक उसासा लागला असता.

"आता दगडाचं बोला," मी ओल्या सदऱ्यानिशी म्हणालो. "मला एक पाहिजे."

"तुमाले एक पाहिजे, पप्पूशेठले सारे पाहिजे. मंग मी काय वावरात इचू पेरू?"

तेव्हा कळलं ते असं. पप्पूशेठ हा अमरावतीचा ठेकेदार. जुन्या पुलाचा दगड त्याने घेतला होता, आणि नदीत पडलेले दगडही जुन्याच पुलाचे, असं त्याचं म्हणणं. वरचे खांब संपले की होळीच्या सुमारास मशीन नदीत उतरणार. दगड गेले की बांध गेला, बांध गेला की पाणी गेलं. उन्हाळा तोंडावर. रुखमाबाई ठेकेदाराच्या माणसांशी भांडून थकली होती. एकसुद्धा दगड मधून निघाला तर फट पडेल आणि डोह वाहून जाईल, हेही तिने मला बजावलं.

"मी बोलतो ठेकेदाराशी," मी म्हणालो. घडवणं आमच्या घराण्यातून कधीच गेलं. बोलणं शिल्लक आहे.

अमरावती

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे अमरावतीला गेलो. रुखमाबाईने फुलांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, मला एक दिलं. मी नको म्हणालो तर म्हणाली, "पंजोबाचं तं वझं घेऊन फिरूनच राहिले, त्याच्यावर हे एक." बाजारात तिने व्यापाऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही, लिहिलं तर कागद उन्हाआधी जळेल. मग तिने आम्हाला गिला वडा खाऊ घातला. मऊसूत वडा, वर दही, वर चटणी. आमच्याकडे याला दहीवडा म्हणून हसत बसले असते. मी हसत हसत तीन खाल्ले.

पप्पूशेठ बडनेरा रोडवर स्वतःचं मंगल कार्यालय बांधत होता, तिथेच भेटला. पांढरे बूट, पांढरी पॅन्ट, आणि गळ्यात सोन्याची साखळी अशी की तिला कुत्रा बांधला तर कुत्र्याने आभार मानावेत. स्वागत मात्र झकास. मोर्शीची संत्री पुढे केली, चिखलदऱ्याची कॉफी आणवली आणि ती कॉफी तिथेच डोंगरावर पिकते हे इतक्यांदा सांगितलं की ती निवूनच गेली.

मी सुरू केलं. माझ्या सगळ्या थापा मी क्रमाने लढाईत उतरवल्या. आधी डोहातला नाग: मिशा असलेला, अमावास्येला रेल्वेची शिट्टी घालणारा.

"असे लय नाग पाहिले," पप्पूशेठ संत्रं सोलत म्हणाला. "आमचा ड्रायव्हर पकडून पिशवीत घालते."

मग साहेबाचं भूत, टोपीसकट, बिस्किट मागणारं.

"देऊन टाकू पुडा."

मग मी वारसा काढला, इतिहास काढला, दिल्लीहून येणारं पथक काढलं. दिल्लीचं नाव काढल्यावर तो अंमळ थांबला, पण ती संत्र्याची बी होती. ती थुंकून त्याने टेबलावर कार्यालयाच्या कमानीचं चित्र पसरलं. "हे पा. गेट. खालपासून वरपर्यंत काळा दगड. अन् इचूवाले दगड दर्शनी. डिझाइन कोनाकडं नाही असं! माह्या पोरीचं पह्यलं लगन याच गेटातून लागन."

आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. रुखमाबाईने कोपराने ढोसलं. "झाल्या का तुमच्या गोष्टी? आता खरं सांगा, पाव्हने. घरचं."

मी प्रल्हादकडे पाहिलं. त्याने सगळ्या बाजारात कापसाच्या पाकिटाबरोबर माझ्या कमानी वाटल्या होत्या. तो पायाकडे पाहत होता. मला अक्का दिसली, हातात नारळ घेऊन बसलेली. आणि समोर ते चित्र, ज्यात आमचा विंचू दर्शनी भागी नांगी काढून बसणार होता, एवढा मोठा की शंभर वरातींना दिसावा. खरं सांगायचं तर घराण्याचा असा मान कधी कोणी ठेवला नव्हता. गप्प बसलो असतो तर अमरावतीत राणोजींची कमान उभी राहिली असती.

"शेठ," मी म्हणालो, "ती खूण माझ्या खापरपणजोबांची. त्यांना खडक कळला नाही. काळी माती वाजली, त्यांना दगड वाटला. गावाने सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा खांब पहिल्या पुरात बसला. ते पळून आले."

पप्पूशेठच्या हातातली संत्र्याची फोड तोंडापर्यंत गेली नाही. भुताला आणि दिल्लीला न भ्यालेला माणूस पहिल्यांदा सरळ बसला. काळ्या मातीत बांधकाम करणाऱ्याला एकाच गोष्टीची भीती असते.

"खडक नोता लागला?"

"नव्हता. आणि तेव्हापासून आमच्या खुणेचं काही उभं राहत नाही." आता मी रुळावर आलो. "घराची मागची भिंत पडली, पुन्हा बांधली, पुन्हा पडली. विहिरीचा कठडा विहिरीत गेला, वर बसलेले काका कठड्यासकट. शाळेला आम्ही पायरी दिली, त्या पायरीवरून हेडमास्तर पडले, त्यांच्यानंतरचे पडले, मग शाळा पडली. शेठ, मी फरशी का विकतो? फरशी आधीच पडलेली असते म्हणून."

 तो प्रल्हादकडे वळला. "खरं हाय का जी? तुमचे जवाई म्हंता नं?"

प्रल्हादने मान वर केली. "खरं हाय," तो म्हणाला. बिचाऱ्याने त्या दोन शब्दांत सगळ्या कमानी परत केल्या.

"असन खरं," पप्पूशेठ पुटपुटला. "आपल्याच पंजोबाची इज्जत अशी भर दुपारी कोन काढते?" आणि त्याने फोन लावला. "अबे, नदीतले गोटे राहू दे. एकबी उचलू नको. ट्रॅक्टरवर चढवला असन तं उतरव. हाव, आत्ताच!" मग फोन ठेवून, एक संत्रं माझ्या खिशात घालत, जरा दबकत विचारलं, "तुमच्या फरशा तरी टिकतात नं?"

परतीच्या वाटेवर रुखमाबाई रिकामं गाठोडं घडी करत म्हणाली, "चांगलं बोलता तुमी. शेवटी बोलले थे." तिच्याकडून मिळालेली ही एवढीच स्तुती.

पुन्हा नदीकाठी

रोडग्यांचा दिवस दोन दिवसांनी होता, म्हणून मला अडकवून ठेवलं. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. पहिला रोडगा हातात घेतला तेव्हा वाटलं, रेल्वेने रुळांखाली खडी टाकण्याऐवजी हेच टाकले असते तर गाड्या अजून जुन्याच पुलावरून गेल्या असत्या. तो फोडला, तूप आत उतरलं आणि माझं तोंड बंद झालं. तोंड बंद होणं आमच्या घराण्यात मृत्यूखेरीज सहसा घडत नाही.

मला पाटावर बसवलं होतं, इचूबाबाचा वंशज म्हणून. एक म्हातारी हळदकुंकू घेऊन आली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली.

"त्याच्या नको लागू पाया, व माय," रुखमाबाई ओरडली. "थो पडला तं उपयोगी पडला. हा डोहात पडला तं नुसता पानी गढूळ करून आला."

निघताना तिने गेंद्याचं बी पुडीत बांधून दिलं. दगड मागायची माझी छाती झाली नाही. पप्पूशेठला उचलू दिला नाही तो मी कोणत्या तोंडाने उचलणार?

सातारा

प्लॉटवर पाया खणून होत आला होता. अक्का छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर नारळ. नातू, सून, दोन शेजारणी, सगळे दगडाची वाट पाहत. माझ्या हातात पिशवी पाहून शेजारणी सरसावल्या. मी पिशवीतून संत्री काढली.

"दगड?" अक्का म्हणाली.

वाटेत मी एक सुंदर थाप तयार केली होती. दगड गाडीत ठेवला, गाडी त्याच्या वजनाने पुढे सरकेना, स्टेशनमास्तर रडले, वगैरे. ती जिभेवर आलीही. पण अक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिच्यापुढे पप्पूशेठ तान्हं बाळ. मी सगळं सांगितलं. पहार, माती, म्हैस, डोह, मळा, मंगल कार्यालय.  नातू फोनमध्ये घुसला. सुनेने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते मी पाहिलं नाही.

 अक्काने नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग विचारलं, "त्या मळ्यात पानी ऱ्हाईल का आता?"

"राहील."

"ब्येस झालं."

तेवढ्यात खड्ड्यातल्या गड्याने पहार आपटली. खणखणीत आवाज आला, साऱ्या प्लॉटभर घुमला. गडी घाम पुसत वर बघून म्हणाला, "लागला खडक, आजी! फोडा नारळ."

अक्का खुर्चीतून अर्धी उठली, खड्ड्यात डोकावली आणि पुन्हा बसली.

"वाजतंय खरं," ती म्हणाली. "पर आमच्या घराण्याला नुसत्या आवाजावरनं कळत न्हाई, बाबा. अजून खण."